एक जूनची माणसं

नको तिथे हसू येणं ही माझी जुनी खोड. त्यापायी मी शाळेत वर्गाबाहेर उभी राहिले आहे आणि एका साखरपुड्यातून मावशीने मला दंडाला धरून बाहेर काढलं आहे. पण नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात काचेच्या केबिनमध्ये मी मॅडमच्या तोंडावर हसले, तेव्हा मला खरंच वाटलं की संपलं. आता उरणची बस धरायची आणि उद्यापासून आईबरोबर मासळीच्या पाट्या उचलायच्या.

मी नवी मुंबईतल्या एका लहानशा कचेरीत अ‍ॅक्च्युअरीच्या हाताखाली उमेदवारी करत होते. अजूनही करतेच आहे. या धंद्यात परीक्षा इतक्या की उमेदवारी संपेपर्यंत केस पांढरे होतात. हे काम म्हणजे नक्की काय, ते घरी समजावून सांगताना माझा घसा बसला. शेवटी आईनेच सोपं करून टाकलं. "आमची पोरगी मान्सा कवा मरतील त्याचा हिशेब करते," असं तिने बाजारात सांगितलं, आणि पुढचे दोन महिने शेजारच्या बायका माझ्याशी जपून बोलत होत्या. एकीने तर सासूची पत्रिकाच आणून माझ्या हातात दिली.

आईचं अगदीच चूक नव्हतं. एखाद्या कारखान्यात शंभर माणसं असली, तर त्यांतली किती निवृत्तीपर्यंत टिकतील, किती मधेच सोडून जातील आणि किती मरतील याचा अंदाज आम्ही बांधतो. म्हणजे मग त्यांच्या ग्रॅच्युइटीसाठी मालकाने आज किती बाजूला ठेवायचं ते ठरतं. मरणाचा अंदाज येतो एका मोठ्या तक्त्यावरून. कचेरीत त्याला सगळे नुसतं 'टेबल' म्हणतात. टेबलाला माणसाचं वय सांगायचं, बस्स. वय चुकलं की पुढचं सगळं चुकलं.

त्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं ते वयांवरूनच. उरणजवळच्या एका बर्फाच्या कारखान्याची यादी आली होती. बर्फही बनायचा आणि मासळीचं पॅकिंगही चालायचं, असा कारखाना. मॅडम म्हणजे सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेल्या बाई. टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा एका दिशेने ठेवायच्या. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि जन्मतारखांच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेलं. एक जून. एक जून. एक जून. मधेच कुठे सतरा ऑगस्ट. पुन्हा एक जून, एक जून, एक जून.

"डेटा खराब आहे," त्या म्हणाल्या. "रिकाम्या जागी कॉम्प्युटरने आपोआप तारीख भरलेली दिसते. त्यांना पत्र लिही. निम्म्याहून जास्त माणसं एकाच दिवशी कशी जन्मतील?"

आणि मी फुटले. तोंडावर हात दाबला तर हसू नाकातून बाहेर आलं.

"मॅडम, माझे बाबा एक जूनचे आहेत," मी कशीबशी म्हणाले. "दोन्ही काका एक जूनचे. आत्यापण. आमच्याकडे त्या दिवशी एकच केक आणतात आणि तो कापायला रांग लागते."

मग मी सगळं सांगितलं. पोर भरतीला जन्मलं की ओहोटीला, ते घरातल्यांना पक्कं आठवायचं, पण तारीख कोण लिहून ठेवणार? शाळा जूनमध्ये उघडायची. समोर उभ्या केलेल्या पोराला मास्तर सहा वर्षांचं ठरवायचे, मागे मोजून साल लिहायचे आणि पुढे ठोकून द्यायचे, एक जून. अर्ध्या महाराष्ट्राला हे ठाऊक आहे. मॅडमना मात्र ठाऊक नव्हतं, कारण त्यांचा जन्म मुंबईतल्या इस्पितळात झाला होता, तोही वेळेच्या नोंदीसकट.

मॅडम हसल्या नाहीत. एक पेन्सिल जराशी सरळ केली. "म्हणजे यांची खरी वयं कोणालाच माहीत नाहीत?"

"माहीत असतात मॅडम. फक्त आकड्यात नसतात."

"मग आकड्यात आण," त्या म्हणाल्या. "तू तिकडचीच ना?"

अशी मी, तीन आठवड्यांची उमेदवार, वही आणि लॅपटॉप घेऊन स्वतःच्याच तालुक्यात साहेबीण होऊन गेले. त्या सकाळी मी इतकी खुशीत होते की बसमध्ये कंडक्टरलाही विचारलं, तुमचा वाढदिवस कधी? तो म्हणाला, एक जून. मी आनंदाने सुट्टे पैसे घ्यायचेच विसरले.

कारखान्याचा मॅनेजर पुण्याहून नवीन आलेला होता. इस्त्रीचा शर्ट घालून ओल्या फरशीवर बेताबेताने पावलं टाकायचा. माणूस सभ्य होता. त्याने मला पॅकिंगच्या हॉलमध्ये एक टेबल-खुर्ची दिली आणि सांगितलं, एकेकाला बोलवा, पण काम थांबता कामा नये. काम पहिल्या दहा मिनिटांत थांबलं.

झालं असं की मी विचारलं, तुमचं खरं वय काय? आणि उत्तर एकाने द्यायच्या ऐवजी सगळ्या हॉलने दिलं. कोणाची नवी होडी पाण्यात उतरली तेव्हा कोण पोटात होतं, वाडीत वीज आली तेव्हा कोण रांगत होतं, कोणाच्या लग्नात कोण हळदीच्या पातेल्यात बसलं होतं. मी भराभर लिहीत होते. साल ठरवायला होड्या फार उपयोगी पडल्या. होड्यांचे कागद पक्के असतात, कारण होडीची जन्मतारीख कोणी एक जून लिहीत नाही. एक होडी पक्की झाली की तिच्या मागेपुढे पाचसहा माणसं आपोआप रांगेत उभी राहायची.

भांडणंही झाली. कोळंबी सोलणाऱ्या दोघी बायका तीस वर्षं एकमेकींना 'ताई' म्हणत होत्या. कोण मोठी हे त्या दिवशी ठरलं आणि जी मोठी ठरली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणाशी बोलली नाही. मग आले दोन सख्खे भाऊ. कागदावर दोघांचा जन्म एकाच वर्षीच्या एक जूनचा.

"जुळे?" मी विचारलं.

"न्हाय. मी मोठा," एक म्हणाला.

"दोन वर्सांनी मोठा," दुसरा म्हणाला. "पन ह्यो एकला शालेत जाईना. ररत बसायचा. मंग आयशीने मनापन संगती पाठवला."

मोठ्याने मान खाली घातली. पन्नाशीतला, मिशीवाला माणूस. हॉलमधलं हसणं थांबेना आणि माझं तर मुळीच थांबेना.

पण खरी गंमत पुढेच होती. मासळी तोलणारी एक उंच मावशी समोर येऊन बसली आणि म्हणाली, मी कागदापेक्षा दीड वर्षाने लहान. "साडेचार वर्सांची व्हती मी. पन मास्तरनी सांगला, डोक्यावरशी हात ने आन कान पकर. मी पकरला!" तिने हातमोज्यासकट उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान आरामात धरून दाखवला. मला आठवलं, बाबांनीही हे सांगितलं होतं. ज्याचा हात कानाला पोचला तो सहाचा, नाही पोचला तर पुढच्या वर्षी ये.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे लांब हाताची पोरं वयाच्या आधी शाळेत गेली, ती कागदावर म्हातारी. आखूड हातांची उशिरा गेली, ती कागदावर तरुण! मासळीचे खोके ठोकणाऱ्या सुताराकडून मी टेप मागून आणली आणि हात मोजत सुटले. वहीत एक नवा रकाना पाडला, 'हात'. होड्यांवरून काढलेलं वय आणि हाताची लांबी यांचा मेळ बसायला लागला तशी मी खुर्चीत बसेनाशी झाले. मोठ्या माणसाच्या हातावरून तो सहा वर्षांचा असतानाचा हात कसा कळणार, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनाला शिवलाही नाही. वाटलं, झालं, आता परीक्षाबिरीक्षा कशाला, माझ्या नावाचं टेबलच निघणार. मी सगळ्यांना एकदम सांगितलं, धरा कान! नेमका त्याच वेळी मॅनेजर आत आला. त्याचा अख्खा कारखाना डोक्यावरून हात नेऊन कान धरून उभा होता आणि मी मधे टेप घेऊन.

"संप आहे का?" त्याने मला हळूच विचारलं.

दुपारी शेवटचे आले मशीनवाले काका. बर्फ गोठवणारी अमोनियाची मशीन तेच चालवायचे. त्या मशीनचा आवाज जरा बदलला तरी जेवणावरून उठून जायचे, असं बाकीचे सांगत होते. बुटके, रुंद, आणि हात इतके आखूड की खिशात घातले तर कोपर सरळच राहायचं. कागदावर छप्पन.

"दोन वर्सा मास्तरनी परत धारला," काका म्हणाले. "कान गवसला न्हाय. मंग बापूस बोलला, चल होडीवर. दहाचा झालो तवा नवीन मास्तर आला. त्याने माज्याकरं बघितलापन न्हाय. पहिलीत बसतोस म्हंजी सहाचा, असा लिवला."

म्हणजे खरं वय साठ. मी होडीवरून पडताळून पाहिलं, बरोबर साठ. काकांना स्वतःचीच इतकी गंमत वाटत होती की ते मांडीवर थापा मारत होते. "अठ्ठावन्नला घरी बसवतात हितं. म्हंजी मना बसून दोन वर्सा झाली असती! आन अजून दोन हायत. माजी पोर नर्सिंगला हाय बग पनवेलला. तिची पन दोनच राहिलीत. देव बराबर मोजतो." मी त्यांच्या नावापुढे साठ लिहिलं आणि दुहेरी खूण केली, कारण यादीतला सगळ्यात मोठा फरक त्यांचा होता. चार वर्षं! उमेदवाराला असा फरक सापडणं म्हणजे जाळ्यात सोन्याच्या भावाचा घोळ मासा लागणं.

जाताना मॅनेजरने चहा दिला. मी बोलत सुटले होते. होड्या, हात, कान, सगळं. तो कौतुकाने ऐकत होता. मग म्हणाला, "ही खऱ्या वयांची यादी मलापण पाठवा. नावांसकट. मालक मागे लागलेत, कोण कोण अठ्ठावन्नच्या पुढे जाऊन बसलंय ते तरी कळेल."

"हो सर, उद्याच पाठवते," मी म्हणाले.

कप खाली ठेवला तोवर मला काही कळलं नाही. गेटपाशी काका पिशवी घेऊन उभे होते. आत बर्फात घातलेले बोंबील. "आयशीला दे," ते म्हणाले, आणि तिथे, हातात ती थंड पिशवी असताना, मी काय कबूल करून आले ते माझ्या डोक्यात शिरलं. मी माणसांना हसवून हसवून त्यांची वयं काढून घेतली होती आणि आता ती त्यांच्याच मॅनेजरच्या हातात देणार होते. काकांची दोन वर्षं माझ्या वहीत होती. घरी आईने बोंबील तळले, पण मी ते ताटातच ठेवले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगताना मी रडले. हसण्याइतकीच मला रडायचीही घाई असते. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"निवृत्ती कोणत्या वयाने होते?" मग त्यांनी विचारलं. तोंडी परीक्षा घेतल्यासारखं.

"कागदावरच्या."

"मरण कोणत्या वयाने येतं?"

"खऱ्या."

"आपल्या कामाला दोन्ही लागतात. नाव लागतं का?"

"नाही."

"मग रिपोर्टमध्ये लिही की कागदावरची वयं भरवशाची नाहीत, पडताळणीत सरासरी इतका फरक निघाला. ते लपवायचं नाही, एक ओळही नाही. पण माणसांनी तुला वय सांगितलं ते या कामासाठी. दुसऱ्या कामासाठी ते तुझंही नाही आणि माझंही नाही." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "फक्त 'हो' तू म्हणून आलीस. 'नाही'सुद्धा तूच म्हणायचं."

फोन मी त्यांच्यासमोरच केला. पोटातून, देवाशप्पथ, हसू वर येत होतं. भीती वाटली तरी मला तेच येतं. मी ओठ चावून म्हणाले, "सर, काल मी यादी पाठवते म्हणाले, ते चुकून म्हणाले. यादी मिळणार नाही."

"अहो, फी आम्ही देतो," मॅनेजर म्हणाला.

"रिपोर्टची देता सर. रिपोर्ट पूर्ण मिळेल."

"माझ्याच कारखान्यातली माणसं आहेत ती."

"मग तुम्हीच विचारा त्यांना!" आता माझा पारा चढला होता. "टेप घेऊन उभे राहा आणि विचारा. मला त्यांनी हसत सांगितलं. तुम्हाला सांगतात का बघा." समोर मॅडमनी डोळे मिटून घेतले. मी आवाज खाली आणला आणि माफी मागितली, बोलण्याच्या पद्धतीची. यादीची नाही.

मग तो म्हणाला, "पुढच्या वर्षी आम्ही दुसरीकडे बघू," आणि फोन ठेवला.

झालं. उमेदवारीच्या पहिल्याच महिन्यात मी कचेरीचं एक गिऱ्हाईक घालवलं. मॅडम एवढंच म्हणाल्या की हाताच्या लांबीचा रकाना रिपोर्टमध्ये येणार नाही. त्यावर मी वाद घातला आणि हरले. मग काळा मार्कर घेऊन वहीतली नावं एकेक करून खोडली. होड्यांची नावं ठेवली. काकांच्या नावावरून मार्कर तीनदा फिरवला. रिपोर्ट वेळेवर गेला, त्याची पोच आली, आभार आले नाहीत.

चार दिवसांनी आमच्या कचेरीला सुट्टी होती. मी दुपारी कारखान्याच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन थांबले. आत जायचं तोंड नव्हतं. काका आले, बशीत चहा ओतला, आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मी मॅनेजरला आधी हो म्हणाले होते, हेसुद्धा. ते ऐकताना त्यांची बशी तोंडाशी तशीच थांबली. मग त्यांनी चहा प्यायला.

"बोलून गेलीस. व्हतं," ते म्हणाले. "आता न्हाय ना देनार?"

"नाही. नावंच नाहीत आता कुठे. तुमची दोन वर्षं तुमचीच."

काकांनी मान डोलावली. बशी बाकावर ठेवून ते माझ्याकडे सरकून बसले. "पन त्या तुज्या टेबलात? तितं मना कितीचा धरलास?"

"साठचा."

"मंग किती वर्सा दिलीन मना?"

हा प्रश्न कधीतरी कोणीतरी विचारणार, हे मला माहीत होतं. आकडाही माहीत होता. साठसमोर कोणता आणि छप्पनसमोर कोणता, दोन्ही तोंडपाठ. मी हळू आवाजात सांगितले. काकांनी बोटांवर मोजलं. पोरीचं नर्सिंग, मग नोकरी, मग लग्न, मग पुढचं काय काय. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची सुरू झाली.

"तितंपन छप्पनचाच ठेव ना मना," ते म्हणाले.

"नाही ठेवता येत काका. आणि टेबल असं एकेका माणसाचं सांगत नाही. हजारांचं मिळून सांगतं. त्यातल्या कोणाला ते ओळखत नाही."

"वलखतच न्हाय?"

"नाही."

"माजा नावपन त्याला म्हाईत न्हाय?"

"नाही काका. नाव मी खोडलं."

"मंग ता मना पकरनार कसा?" काका मोठ्याने म्हणाले, मांडीवर थाप मारून उठले, दोघांच्या चहाचे पैसे टपरीवाल्याला दिले आणि मशीनचा आवाज बदलला म्हणत घाईघाईने आत गेले.